अंबिकामावशींनी पाहिलेलं कॉलेज

कतारमधल्या दोह्यातल्या मराठी लोकांत अंबिकामावशींना न ओळखणारा माणूस एक तर कालच विमानातून उतरलेला असतो, नाहीतर मावशींनी त्याचं लग्न मोडलेलं असल्यामुळे तो ओळख दाखवत नसतो. मदिनत खलीफातल्या एका व्हिलाच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत त्या आणि त्यांचे यजमान शिवराजकाका राहतात. काका एका कंपनीत पाइपांच्या जोडांची तपासणी करतात, आणि मावशी लग्नं जमवतात. पैसे घेत नाहीत. साडी दिली तर रंग नापसंत करून परत करतात.

गडहिंग्लजहून लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा त्यांना हिंदीसुद्धा धड येत नव्हतं. पहिलं लग्न त्यांनी जमवलं ते शेजारच्या एकट्या इंजिनियराचं, आणि तेही त्याचा कुकर रोज करपायचा म्हणून वैतागून. "वास सहन होईना गं," असं त्या अजून सांगतात. त्या जोडप्याचं छान चाललंय. कुकर अजूनही करपतो म्हणे, पण आता ते लोक दुसऱ्या गल्लीत राहतात.

मावशींची पद्धत ठरलेली आहे. स्थळ बघायला जायचं ते न कळवता आणि भलत्या वेळी. मुलाला काही विचारायचं नाही, त्याच्या खोलीतल्या सोबत्यांना विचारायचं, त्याच्या शर्टांना इस्त्री करणाऱ्याला विचारायचं. फ्रीज उघडून बघायचा. न्हाणीघर बघायचं. आणि ज्या मुलींनी आधी नकार दिला असेल त्यांना शोधून काढून चहा पाजायचा. हा शेवटचा मुद्दा ऐकून मी पहिल्यांदा इतकी हसले होते की मला ठसका लागला. मावशी म्हणाल्या, "हस. पण हो म्हणणारी माणसं काय सांगणार? न्हाई म्हणणाऱ्यालाच सगळं ठाऊक असतंय."

मला त्या भाची मानतात. नातं काही नाही, मी नाशिकची. अल सद्दमधल्या एका दुकानात मी शेपू म्हणून भलतीच जुडी उचलत होते, ती त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली आणि तेव्हापासून माझा सगळा संसारच हातात घेतला. माझ्या नवऱ्याला, धवलला, त्या जावईबापू म्हणतात. त्याला ते आवडत नाही, आणि म्हणूनच त्या म्हणतात.

अलीकडे मात्र मावशी मोकळ्या होत्या. पोरं आपापलं फोनवर जमवतात, आणि मावशींना थेट पत्रिका येते, तीही मोबाइलवर, नाचणाऱ्या फुलांची. अशा वेळी आमच्या घरात ते प्रकरण उपटलं.

माझी लेक अंतरा अकरावीत आहे, अल दुहैलमधल्या अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत. यंदा शाळेने एका कॉलेजशी बोलणी करून अशी सोय केली की मुलांनी शाळा सुटल्यावर कॉलेजात जाऊन तिथल्या मोठ्या मुलांबरोबर एखाद-दुसरा विषय शिकायचा. त्याची क्रेडिट्स मिळतात, आणि ती शाळेतही धरतात आणि पुढे कॉलेजातही. अंतराच्या मनात एकच विषय होता, समुद्रातल्या जिवांचा. शाळेच्या सहलीत ती खारफुटीच्या चिखलात गुडघाभर उतरून आली होती आणि तेव्हापासून तिच्या खोलीच्या भिंतीवर डुगाँगचं चित्र होतं. डुगाँग म्हणजे समुद्रातलं एक म्हशीएवढं, गरीब चेहऱ्याचं जनावर. ते दिवसभर गवत खातं. मी एकदा म्हटलं, "अगदी तुझ्या बाबासारखं दिसतंय," तर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

धवल गॅस कंपनीत आहे, त्यामुळे घरातला कुठलाही प्रश्न तो आधी स्लाइडवर घेतो. एका शुक्रवारी त्याने आम्हां दोघींना सोफ्यावर बसवून टीव्हीवर स्लाइड लावल्या. समुद्र त्यात कुठेच नव्हता. क्रेडिट्स होती. हा विषय धरला, पुढच्या सत्रात आणखी दोन घेतले, उन्हाळ्यात एक, की शाळेला लागणारं सगळं पुरं होतं आणि बारावी करायची गरजच उरत नाही. सतराव्या वर्षी थेट कॅनडा. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या हिरव्या अक्षरांत होतं: एक वर्ष वाचेल.

मी विरोधात गेले. मी म्हटलं, तिला झेपणार नाही. कॉलेजात मिळालेली ग्रेड कायमची चिकटते, वाईट पडली तर पुढे जिथे अर्ज करेल तिथे दाखवावी लागेल. शाळेचे मार्क घसरतील. हे सगळं खरंच होतं, आणि यातल्या कशाचीही मला फारशी धास्ती नव्हती. मला धास्ती होती त्या हिरव्या ओळीची. इथली मुलं शाळा संपली की जातात ती जातातच. नंतर येतात ती पाहुण्यासारखी, बॅग न उघडता. एकच मुलगी, अजून दोन वर्षं ती घरात आहे असं मी धरून चालले होते, आणि माझा नवरा त्यातलं एक वाचवायला निघाला होता. पण आईने 'मला सोडवत नाही' असं म्हणायचं नसतं, निदान माझ्या माहेरी तरी कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणून मी मार्क, मार्क करत बसले.

अंतरा सुरुवातीला "आय वॉन्ट धिस क्लास" म्हणायची. आमची भांडणं वाढली तशी काहीच म्हणेना, नुसता दरवाजा लावून घ्यायची. येत्या गुरुवारी शाळेत नाव द्यायचं होतं. घरात माणसं तीन, आणि जेवणाच्या टेबलावर फक्त चमच्यांचा आवाज. मी वैतागून मावशींना फोन लावला, मन मोकळं करायला म्हणून.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "स्थळाचा पत्ता पाठव."

"मावशी, स्थळ नाही, कॉलेजचा वर्ग आहे."

"पोरगी रोज तिथं जाणार, तिथल्या माणसांचं ऐकणार, पुढं आयुष्यभर नाव लागणार. मग स्थळच की! तुम्ही शिकलेली माणसं, लग्नाला चार ठिकाणी चौकशी करताय, आणि हितं निस्ता कागद बघून भांडत बसलाय. उद्या दुपारी मला न्यायला ये. कळवू नकोस कुणाला."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावर माणूस दिसत नाही अशा वेळी, आम्ही कॉलेजच्या दारात. मावशींनी जांभळी इरकल नेसली होती आणि हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. मी म्हटलं, "डबा कशाला?" तर म्हणाल्या, "चौकशीला रिकाम्या हातानं जात नसत्यात." पहारेकऱ्याने लाडू खाल्ला आणि आम्हांला आत सोडलं. माझं ओळखपत्र हातातच राहिलं.

स्वागतकक्षात अनम नावाची एक चुणचुणीत मुलगी बसली होती. तिच्या वहीत नाव-नंबर लिहून मी फी, वेळ, बस असलं काहीतरी विचारणार, तेवढ्यात मावशी खुर्ची ओढून तिच्या शेजारी जाऊन बसल्या, समोर नाही, शेजारी. डबा उघडला आणि त्यांच्या खास हिंदीत सुरू झाल्या. "बेटी, ये समुंदरवाला विषय कौन सिखाता है?"

"डॉक्टर अदीबा," अनम म्हणाली.

"स्वभाव कैसा है उनका? चिल्लाती है क्या?"

अनम गडबडली. "नहीं आंटी, बहुत अच्छी हैं।"

"घर में कौन कौन है? अकेली रहती है? खाना खुद बनाती है? गुस्सा आया तो कितने दिन रखती है?"

मी मावशींचा पदर ओढत होते. मावशींनी तो सोडवून घेतला आणि आईवडील काय करतात इथपर्यंत जाऊन पोचल्या. अनमचे डोळे हळूहळू मोठे होत गेले, मग तिच्या चेहऱ्यावर एकदम हसू आलं आणि ती फारच मनापासून सांगायला लागली. मॅडम किती गुणी, किती हुशार, एकट्या राहतात, स्वयंपाक उत्तम, नमाज-रोजा सगळं व्यवस्थित. मला वाटलं, काय प्रेमळ मुलगी आहे! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढचा तासभर मावशींनी कॉलेज पिंजून काढलं. न्हाणीघर पाहिलं, ते पसंत पडलं. कँटीनमधल्या माणसाला विचारलं, की मॅडम पोरांबरोबर बसून जेवतात की वेगळ्या. वेगळ्या, पण पोरं त्यांच्या टेबलाशी जाऊन बसतात, असं तो म्हणाला. आणि मग त्यांनी तो विषय अर्ध्यात सोडलेली दोन मुलं शोधून काढली. कशी, ते मला विचारू नका. एक उंच मुलगा म्हणाला, वाचायला फार देतात. एक मुलगी म्हणाली, शनिवारी सकाळी चिखलात उतरवतात आणि उशीर झाला तर गाडी सोडून जातात. "ओरडल्या का?" "नाही. पण मी सोडते म्हटल्यावर मॅडम रडवेल्या झाल्या."

गाडीत बसल्यावर मावशी म्हणाल्या, "स्थळ चांगलं हाय. कामाला वाघ हाय, पण मनानं मऊ हाय." मी हसत सुटले. महिनाभरात पहिल्यांदा हसले असेन.

संध्याकाळी फोन वाजला. अनोळखी नंबर, आणि पलीकडून इंग्रजीत एक बाई तापलेल्या. त्यांचं नाव डॉक्टर अदीबा, नंबर त्यांना स्वागतकक्षातल्या वहीतून मिळाला होता. आपण कोण आहात मला ठाऊक नाही, पण मला लग्न करायचं नाही, माझ्या आईने पाठवलं असेल तर तिला तसं सांगा, आणि माझ्या कामाच्या जागी येऊन माझ्या स्वयंपाकाची चौकशी करणं हे अत्यंत अयोग्य आहे. सगळ्या कॉलेजात झालंय! अनमने शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना सांगितलंय! लोक माझं अभिनंदन करतायत!

माझ्या पायाखालची फरशी सरकली. अंतराची जागा तर गेलीच, वर शाळेत नाव खराब. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले, माफी मागितली, माझी मुलगी, तुमचा वर्ग, क्रेडिट्स, आणि गोंधळून शेवटी मराठीतच म्हणाले, "अहो, आमच्या मावशी आहेत, त्यांना दुसरी पद्धतच माहीत नाही!"

पलीकडून एकदम मराठीत आवाज आला. "म्हणजे तुम्ही माझ्या वर्गाला बघायला आला होतात?"

"हो."

"स्थळ म्हणून?"

"हो."

आणि डॉक्टर अदीबा हसायला लागल्या. त्या श्रीवर्धनच्या निघाल्या. इतक्या जोरात हसत होत्या की मी फोन कानापासून लांब धरला. हसणं आवरल्यावर म्हणाल्या, "आजपर्यंत प्रत्येक पालकाने मला क्रेडिट किती हेच विचारलंय. मी मुलांवर ओरडते का, हे कोणी म्हणजे कोणी विचारलं नव्हतं. मुलगी दाखवायचा कार्यक्रम कधी ठेवताय?"

कार्यक्रम बुधवारी ठरला. मावशी दुपारपासूनच येऊन बसल्या आणि कांदे चिरायला घेतले. "वर्ग बघून झाला, आता वर्गानं पोरगी बघायची. पोहे पाहिजेतच." धवल ऑफिसातून आला तो कॉलर नीट करत. त्याने टीव्हीला लॅपटॉप जोडला. मावशींनी वायर काढून ठेवली.

अदीबा आल्या त्या हातात खजुराची पेटी घेऊन, हसू दाबत. पंचेचाळिशीच्या असतील, उन्हाने रापलेल्या, बोटांना चिरा. मावशींनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "श्रीवर्धनच्या हाय म्हणून आधीच सांगायचं न्हाई व्हय? मी हिंदीत मरत होतो." कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'होतो', 'करतो' असंच बोलतात, मी मारे अदीबांना समजावायला गेले. त्या म्हणाल्या, "माहितीये, माझी खोलीतली मैत्रीण जयसिंगपूरची होती."

अंतराने पोह्यांच्या बशा आणल्या. ती या सगळ्या प्रकाराने लाजून लालबुंद झाली होती, पण अदीबांनी डुगाँग शेपटीने पोहतो की पंखांनी असं काहीतरी विचारलं आणि पोरगी खुलली. बशी हातात तशीच. मराठीत सुरू करून इंग्रजीत गेली, हातवारे करायला लागली, खोलीतून चित्रं घेऊन आली. अदीबा पुढे सरकून ऐकत होत्या, मधेच वाद घालत होत्या. मी माझ्या मुलीला इतकं बोलताना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना दुसऱ्यांदा पोहे वाढले, कोणी मागितले नसताना.

मग धवलने घसा साफ केला. "मॅडम, या विषयाची क्रेडिट्स कॅनडात पूर्ण धरतात ना? कारण आमचं प्लॅनिंग असं आहे…" आणि लॅपटॉप नसूनही त्याने सगळ्या स्लाइड तोंडी म्हटल्या. पुढच्या सत्रात दोन, उन्हाळ्यात एक, बारावी नको, एक वर्ष वाचेल.

अंतराने चित्रं गोळा केली आणि मांडीवर पालथी ठेवली.

अदीबा म्हणाल्या, "बहुतेक ठिकाणी धरतात. तसं ऑडिटही करता येतं. म्हणजे वर्गात बसायचं, सगळं शिकायचं, पण ग्रेड नाही आणि क्रेडिटही नाही."

"मग उपयोग काय?" धवल म्हणाला.

मावशी उठल्या. "पोरी, चल, मला पाणी दे." आणि अंतराला घेऊन स्वयंपाकघरात. मी चहाला मागोमाग गेले, तर मावशींनी मला गॅसकडे वळवलं. "तू तिकडं तोंड कर. चहा बघ." मी चहा बघत उभी राहिले.

"आता सांग," मावशी अंतराला म्हणाल्या. "काय पाहिजे ते सगळ्यांनी विचारलं असंल. तुला काय नको ते सांग." मावशी मुलांशी इंग्रजी बोलत नाहीत, कळत असलं तरी. त्यामुळे अंतराला मराठीतच सांगावं लागलं, अडखळत, चुकतमाकत.

"मला क्लास पाहिजे. खूप पाहिजे."

"ते दिसलं मला. नको काय?"

चहा उकळायला लागला. मग ती म्हणाली, "मला तो वर्ष वाचवायला नको. बाबा सारखा म्हणतो, एक वर्ष वाचेल. वाचवून मी कुठे ठेवू? नंतर मला तो परत देणार आहे का कोणी? मला ते इथेच खर्च करायचंय. घरी. यांच्याबरोबर."

"मग बापाला सांगायचं की."

"त्याने किती स्लाइड केल्या, मावशीआजी. तो खूप हॅपी होता." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि आई फक्त मार्क बोलते. मला वाटतं तिला मार्क पाहिजेत. मी असली काय, नसली काय."

चहा उतू गेला. सगळा ओटा, बर्नर, माझे हात, सगळीकडे चहा. मी वळणार तेवढ्यात मावशींनी डोळ्यांनी दटावलं आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "चहा." मी फडकं घेऊन पुसायला लागले. काय पुसत होते ते मला दिसत नव्हतं.

बाहेर आल्यावर मावशींनी पदर खोचला. त्या बसल्या नाहीत. "जावईबापू, स्थळ मला पसंत हाय. मॅडमना पोरगी पसंत हाय का?"

"फार," अदीबा म्हणाल्या.

"मग माझी एक अट हाय. क्रेडिट घ्यायचं न्हाई."

धवल हसला, त्याला गंमत वाटली. "मावशी, तेच तर मुख्य आहे!"

"व्हय? तुम्ही मघापासनं स्थळ कुठं बघताय? स्थळासंगं काय काय येतंय तेच मोजताय. हे किती, ते किती, एकूण किती. आमच्यात त्याला हुंडा म्हणत्यात."

"हुंडा?" धवलचा आवाज चिरकला. तुम्हांला सांगायला हवं, की हुंडा न घेता, सनई-चौघडा न लावता नोंदणी पद्धतीने लग्न केल्याचं हा माणूस अजून पार्टीत सांगतो. त्याला काहीही म्हणा, एवढं म्हणू नका.

"मी जन्मात हुंड्याचं लग्न लावलं न्हाई आणि हितनं पुढं लावणार न्हाई. पोरगी आणि वर्ग, एवढंच. बाकीचं पाहिजे असंल तर मी हे स्थळ मोडतो, आणि का मोडलं ते सगळ्या दोह्यात सांगतो."

धवलने आशेने अदीबांकडे पाहिलं. त्यांनी एकदा अंतराकडे पाहिलं, एकदा चहाने भिजलेल्या माझ्याकडे, आणि गंभीरपणे म्हणाल्या, "आमच्याकडूनही काही देण्याघेण्याचा आग्रह नाही. ऑडिट चालेल. फक्त शनिवारी सकाळी वेळेवर."

"पण… मग बारावी…" धवल म्हणाला.

"बारावी करायची. सगळी पोरं करत्यात." मावशींनी साखर आणायला सांगितली आणि अदीबांच्या, अंतराच्या, माझ्या, सगळ्यांच्या तोंडात चिमूट चिमूट घातली. धवलच्याही, त्याचं तोंड उघडंच होतं.

अदीबा गेल्यावर मावशींना सोडायला मी खाली गेले. लिफ्टमध्ये मी त्यांना मिठी मारली आणि रडायला लागले, रडता रडता हसायला लागले, आणि लिफ्टमधले दोन फिलिपिनो भाऊ भिंतीला चिकटून उभे राहिले. मी म्हटलं, "सगळा वाईटपणा तुम्ही घेतलात."

"घेतो की. मला काय तुझ्या नवऱ्याचं तोंड रोज बघायचंय? तुला बघायचंय." टॅक्सीत बसताना त्यांनी काच खाली केली. "आता पोरीला जाऊन सांग काय सांगायचं ते. मी सगळी कामं करायची म्हणजे!"

मी वर आले. जिन्यात मी वाक्य जुळवत होते. शिवाय धवललाही समजावायचं होतं, तो नक्की फुगून बसलेला असणार, दोन दिवस तरी.

धवल स्वयंपाकघरात होता. पाठमोरा, ओट्याशी उभा राहून कढईतले उरलेले पोहे थेट झाऱ्याने खात होता. आणि गुणगुणत होता. हा माणूस अंघोळीतसुद्धा गुणगुणत नाही.

"म्हणजे बारावी इथेच," तो मागे न बघता म्हणाला.

"हो."

"दोन वर्षं."

"जवळजवळ."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि झारा तोंडाशी नेता नेता त्याचा आवाज फुटला. "मृणाल, मला नको होतं गं हे. सतराव्या वर्षी कसली पाठवायची? पण बाप म्हणून मी मागे ओढतोय असं नको ना व्हायला. मला वाटलं, तू तरी म्हणशील की नको. तू नुसते मार्क मार्क करत होतीस."

मला त्याच्या डोक्यात झारा घालावासा वाटला. महिनाभर! महिनाभर आम्ही दोन शहाणी माणसं एकमेकांशी भांडत होतो, आणि दोघांनाही तेच हवं होतं, आणि पलीकडच्या खोलीत पोरगी दार लावून बसली होती तिलाही तेच हवं होतं! मी एवढी हसले की खाली फरशीवरच बसले. धवलही बसला. कढई आमच्या मधोमध.

दार उघडलं. अंतरा उभी. "व्हॉट हॅपन्ड? तुम्ही भांडताय का?"

मी तिचा हात धरून तिला खाली ओढलं. जिन्यात जुळवलेलं वाक्य पार विसरले होते, म्हणून मी सरळ सांगितलं. "मला मार्क नकोत, अंतू. मला तू पाहिजेस. मी ऐकलं सगळं, आणि मला आधीच सांगायला हवं होतं."

तिने माझ्याकडे पाहिलं, बाबाकडे पाहिलं. बाबाच्या मिशीला पोहा चिकटला होता आणि डोळे ओले होते. "मला पण," तो म्हणाला.

"ओह गॉड, यू गाइज," ती म्हणाली, आणि आमच्या दोघांच्या मध्ये, जिथे जागाच नव्हती तिथे, घुसून बसली.